पान एकाहत्तरवरची ताई

ताईंच्या दाराखालून एक जाडजूड पाकीट आत सरकलं आणि त्यावरचा 'वार्षीक अहवाल' हा शब्द पाहून ताईंचं डोकंच फिरलं. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झालेल्या बाईच्या दारात असली ढळढळीत चूक टाकायची म्हणजे धाडसच म्हणायचं. चष्मा शोधायच्या आधी त्यांनी लाल पेन्सिल शोधली.

खरं तर पाकीट कारखान्याकडचं आहे हे दिसताच त्यांनी ते परत पाठवायला हवं होतं. गेली तीन वर्षं त्यांचा तोच नेम होता. वडिलांनी उभा केलेला बटणांचा कारखाना. वडिलांमागे त्यातला ऐंशी टक्के भाग धाकट्या भावाच्या नावावर झाला आणि वीस टक्के ताईंच्या. या धाकट्या भावाला घरात बाळ म्हणत. वय वर्षं अठ्ठावन्न. तर या बाळने तीन वर्षांपूर्वी ताईंना न विचारता आपला सगळा भाग एका मोठ्या कापड कंपनीला विकून टाकला आणि स्वतः तिथेच पगारी व्यवस्थापक म्हणून राहिला. ताईंना ही बातमी कळली ती तिसऱ्याच माणसाकडून. तेव्हापासून त्यांनी भावाच्या घराची पायरी चढली नव्हती. कारखान्याच्या नावाचं काहीही आलं की त्या पोस्टमनला दारातूनच सांगत, "घ्यायचं नाही. बाई रागावल्यात म्हणून लिहा." पोस्टमन बिचारा 'नाकारले' एवढंच लिहायचा.

यंदा मात्र पाकीट साध्या टपालाने आलं आणि नाकारायला समोर कुणी नव्हतंच. शिवाय ती चूक. ताईंनी पाकीट फोडलं. कापड कंपनीचा एकशे बारा पानांचा अहवाल आणि सोबत बटण कारखान्याच्या वार्षिक सभेचं निमंत्रण, अकरा दिवसांनंतरचं. ताई पहिल्या पानापासून वाचायला बसल्या. मजकुराशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. कामाच्या दिवसांतही नव्हतं. औषधशास्त्राचं पुस्तक असो की रेल्वेचं वेळापत्रक, ताई फक्त अक्षरं बघायच्या. छापलेलं खरं आहे की नाही हे बघणं लेखकाचं काम, असं त्यांचं साधं तत्त्व होतं. निवृत्तीनंतर त्या तत्त्वाचं इतकंच झालं होतं की, जे छापलंय ते खरंच असणार असं त्या धरून चालत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, एकशे सदतिसाव्या चुकीला, त्या पान एकाहत्तरवर पोहोचल्या. तिथे एका तक्त्याच्या तळाशी ओळ होती: 'नियंत्रण नसलेल्या भागधारकांचा नफ्यातील वाटा'. पुढे आकडा, बारा लाख चाळीस हजार. ओळीत चूक एकही नव्हती. तरी ताई ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या.

इमारतीच्या तळमजल्यावर औषधांचं दुकान होतं. दुकानदाराला शेअरबाजाराचा नाद होता, आणि गिऱ्हाईक नसलं की तो ज्याला त्याला धरून त्यातलं ज्ञान पाजायचा. ताई अहवाल घेऊन खाली उतरल्या. "अहो, हे नियंत्रण नसलेले म्हणजे कोण हो?"

औषधवाल्याने खोकल्याच्या बाटल्या बाजूला सारल्या. "सोपं आहे. तुमच्या बटण कारखान्यात कापड कंपनीचा भाग ऐंशी टक्के. म्हणजे ताबा तिचा. ताबा असला की हिशेबात कारखान्याचा सगळाच्या सगळा नफा ती आपल्यात धरते. यंदा बासष्ट लाख. पण त्यातला वीस टक्के तिचा नाहीच ना? तो बाहेरच्यांचा. म्हणून खाली वेगळा काढून दाखवायचा. ही ती ओळ."

"आणि हे बाहेरचे कोण?"

"कारखान्यात तुम्ही दोघंच ना भागीदार? ती कंपनी आणि तुम्ही?"

"दोघंच."

"मग ताई, पान एकाहत्तरवर तुम्हीच आहात!"

चाळीस वर्षं हजारो पानं डोळ्यांखालून घातली, पण ताई स्वतः कधी छापून आल्या नव्हत्या. त्यांनी बोट ठेवून ती ओळ पुन्हा एकदा वाचली. औषधवाल्याचं म्हणणं अगदी बिनचूक होतं. फक्त, वाटा दाखवला म्हणजे पैसे दिले असं नसतं, एवढं शेवटचं वाक्य सांगायचं राहिलं, कारण तेवढ्यात कुणीतरी डोकेदुखीची गोळी मागायला आलं. गोळी देऊन वळल्यावर त्याला भलतंच सुचलं. "काय हो, तीन वर्षं झाली ना? मग आधीच्या दोन वर्षांचे पैसे गेले कुठे? तिथे व्यवस्थापक कोण आहे?"

व्यवस्थापक कोण आहे हे ताईंना चांगलं ठाऊक होतं. बाळ आतल्या गाठीचा आहे, हट्टी आहे, हे त्यांना मान्य होतं. पण बाळने आपले पैसे खावेत? ज्याला आपण बोट धरून शाळेत नेलं त्याने? दुसऱ्या दिवशी त्यांनी अहवाल पिशवीत घातला आणि तडक भावाचं घर गाठलं. जाब विचारायचा, पैसे घ्यायचे आणि पाणीसुद्धा न पिता परत यायचं, असा बेत होता.

दार उघडलं चिमीने. चिमी ही बाळची एकुलती एक मुलगी, सव्वीस वर्षांची, दातांच्या एका डॉक्टरकडे रुग्णांच्या वेळा लावून द्यायच्या कामाला होती. ताईंनी तिला तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. तिला चष्मा लागला होता, आणि त्यात ती थेट ताईंसारखी दिसत होती.

"आत्या!" एवढंच म्हणून चिमी दारातच त्यांच्या गळ्यात पडली.

आता गळ्यात पडलेल्या माणसासमोर जाब कसा विचारायचा? ताईंनी वाटेत घोकलेली सगळी वाक्यं बाजूला राहिली आणि तोंडातून भलतंच निघालं. "तुला ते परदेशात जाऊन जुनी पुस्तकं दुरुस्त करायचं शिकायचं होतं ना? दोन वर्षांचं? फी किती आहे त्याची?"

"अकरा लाख. का गं?"

"मी भरते. माझे बारा लाख चाळीस हजार आलेत."

आतून वहिनी हात पुसत आल्या, मागून बाळ आला. ताईंनी पान एकाहत्तर उघडून सगळ्यांसमोर धरलं. बाळने ती ओळ वाचली, ताईंकडे पाहिलं आणि "चहा टाकतो," म्हणून आत निघून गेला. या घरात बाळने याआधी कधी चहा टाकला नव्हता. चोराच्या मनात चांदणं ते हेच, असं ताईंना वाटलं आणि आतून फार वाईट वाटलं. पण चिमीने हात धरून बसवून ठेवलं होतं आणि वहिनी एकसारख्या म्हणत होत्या, "ताई, बसा हो. किती दिवसांनी आलात." चहा अगदी पाणचट होता. ताईंनी दोन कप घेतले.

निघताना त्यांनी चिमीला बजावलं, "उद्याच राजीनामा देऊन टाक. कवळ्यांच्या वेळा देत आयुष्य काढणार आहेस का?"

"हो आत्या," चिमी म्हणाली.

इथून पुढे गोष्ट ताईंच्या हातात राहिली नाही. औषधवाल्याच्या दुकानात दिवसाला शंभर गिऱ्हाइकं येत आणि तो प्रत्येकाला गोळ्यांबरोबर ही बातमी देई. तिसऱ्या दिवशी इमारतीच्या समितीचे सचिव पावतीपुस्तक घेऊन चौथ्या मजल्यावर आले. लिफ्ट बंद असल्यामुळे त्यांना धाप लागली होती. ते नुसते उभे राहून श्वास घेत होते, पण ताईंना वाटलं, बिचारा संकोचाने बोलत नाही. त्यांनी आपण होऊन लिफ्टच्या मोटरीसाठी चाळीस हजारांचा आकडा घातला आणि जवळच्या पुंजीतून चेकही फाडून दिला. मग चिमीसाठी एक भलीमोठी तांबडी सूटकेस घेतली. मग तिकडे थंडी असते म्हणून कोट. कोट तिच्या मापाचा आहे की नाही हे बघायला घेऊन जाणं आलं. बाह्या लांब निघाल्या, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणं आलं.

असं करता करता ताई रोजच जायला लागल्या. संध्याकाळी पाच वाजले की चपला घालायच्या. चिमी कामावरून येई तोवर वहिनींशी गप्पा व्हायच्या. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, ते ताईंना आत्ता कळलं. चिमीचं एक लग्न ठरता ठरता मोडलं होतं, तेही आत्ता कळलं.

"राजीनामा दिलास का गं?" ताईंनी विचारलं.

"दिला," चिमी चष्मा पुसत म्हणाली. "पण महिनाभर जावं लागतं, आत्या. नियमच आहे."

बाळ मात्र ताई आल्या की काहीतरी काम काढून उठायचा. एकदा पैशांचा विषय निघाला तर गॅलरीत जाऊन कोरड्या कुंड्यांना पाणी घालत बसला. त्यातल्या दोन कुंड्यांत झाडच नव्हतं. ताई ते सगळं बघत होत्या. बाळचे केस पार पिकले होते. सभेत याची चोरी उघडी पडली तर, या विचाराने त्यांना झोप येईना. पण चिमीने नोकरी सोडली होती. आता मागे फिरायची सोय नव्हती.

सभेच्या दिवशी ताई कारखान्यात गेल्या. खाली यंत्रांची धडधड, वर लाकडी जिना, जिन्याच्या टोकाला वडिलांची खोली. टेबल तेच होतं. टेबलाशी बाळ होता आणि कापड कंपनीचे वित्तप्रमुख होते, तिशीतले, गुळगुळीत दाढीचे, अतिशय विनयशील. बाकी खुर्च्यांवर नमुन्याच्या बटणांचे डबे. कारखान्याचे भागीदारच दोन, त्यामुळे सभा भरगच्च झाली असंच म्हणावं लागेल.

वित्तप्रमुख उठून उभे राहिले. "ताई, तुम्ही आलात! तीन वर्षांत पहिल्यांदाच गणपूर्ती झाली."

"मी माझे बारा लाख चाळीस हजार न्यायला आलेय," ताई म्हणाल्या. "आणि त्याआधीच्या दोन वर्षांचेही."

बाळ खिडकीबाहेर बघू लागला. वित्तप्रमुखांनी पान एकाहत्तर पाहिलं, त्यावरच्या लाल खुणा पाहिल्या आणि आवाज हळू केला. "ताई, हा वाटा तुमचाच आहे. पण तो कागदावरचा. म्हणजे कारखान्याने कमावलं त्यातलं एवढं तुमच्या नावाचं, असं आम्ही लोकांना सांगतो. पैसे इथेच असतात. कारखान्यात. यंत्रं, माल, बँक, सगळ्यांत मिळून. हातात यायचे तर आधी लाभांश जाहीर व्हावा लागतो. तो तीन वर्षांत झालेलाच नाही."

ताईंना वाटलं, खालची यंत्रं थांबलीत. ती थांबली नव्हती, कान बंद झाले होते. म्हणजे बाळने काही खाल्लं नव्हतं. त्यांना इतकं हलकं वाटलं की क्षणभर पैसे गेल्याचं दुःखही झालं नाही. मग चिमी आठवली आणि तिचा राजीनामा आठवला.

"तुम्ही काळजी नका करू," वित्तप्रमुख उत्साहाने म्हणाले. "आजच जाहीर करून टाकू. आम्हाला तर हवंच आहे. तीन वर्षं आम्ही तुमच्याकडे संमतीपत्र पाठवतोय, प्रत्येक वेळी 'नाकारले' म्हणून परत येतं. आम्हाला वाटायचं, बाई फार विचारी आहेत. इथे फक्त सही करा."

"माझी संमती कशाला लागते? माझं नियंत्रण नाही असं तुम्हीच छापलंय."

"बाकी कशावर नाहीच. पण या एका गोष्टीला पहिली पाच वर्षं तुमची सही लागते. विक्रीच्या करारात तशी अट आहे. तुमच्या भावांनी घातलेली." ते जरासे हसले. "त्या अटीपायी आम्ही किंमत बरीच पाडली. पण ते हटून बसले. म्हणाले, बहिणीला विचारल्याशिवाय कारखान्यातून एक दमडी बाहेर जायची नाही."

ताईंनी बाळकडे पाहिलं. बाळच्या मानेची मागची बाजू तेवढी दिसत होती आणि ती लाल झाली होती.

पेन समोर आलं. आता न वाचता सही करणं ताईंना जन्मात जमलं नसतं. त्यांनी चष्मा सारखा केला आणि संमतीपत्र पहिल्या अक्षरापासून वाचायला घेतलं. पहिल्या ओळीत 'लाभांष' होतं, ते त्यांनी सुधारलं. दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की, साठलेला नफा वाटल्यामुळे साच्याच्या नव्या यंत्रासाठी राखलेली रक्कम राहणार नाही आणि ती खरेदी रद्द समजावी. या परिच्छेदात चूक नव्हती. तरी ताई तिथेच थांबल्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्या अक्षरं सोडून मजकूर वाचत होत्या.

"बाळ, हे यंत्र कुठलं?"

"साच्याचं," बाळ खिडकीकडेच तोंड करून म्हणाला. "बाबांच्या वेळचं आहे ना, त्याच्या जागी."

"ते चालतंय ना?"

"ढकलत ढकलत. वर्षभर निघेल."

"मग?"

"मग बघू."

"त्याच्यावर कामाला किती जणी आहेत?"

"चौदा."

"आणि तू गप्प बसलास? आठवडाभर मी तुझ्या घरी येतेय. कुंड्यांना पाणी घालत होतास! एका शब्दाने सांगता आलं नाही?"

बाळ वळला. डोळे भरून आले होते आणि आवाज लहानपणीसारखा झाला होता. "कसं सांगू? मागच्या खेपेला तुला न विचारता सही केली. कर्जापायी बँक दारात उभी होती, तुला सांगितलं तर तू तुझं घर विकून पैसे आणशील अशी भीती वाटली. पण विचारायला हवं होतं. मी तेव्हाच ठरवलं, पुढच्या खेपेला तुझी सही, तुझा पैसा. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही. तू घेतलेस तरी माझं काही म्हणणं नाही, ताई. खरंच नाही."

ताईंनी टोपण लावलं आणि पेन वित्तप्रमुखांकडे सरकवलं. "संमती नाही," त्या म्हणाल्या. "यंदाही नाही. हे आपलं लिहून घ्या. आणि ते 'लाभांष' पुढच्या वर्षी तरी नीट छापा."

वित्तप्रमुखांनी विनयाने संमतीपत्र घडी करून ठेवलं. जिना उतरताना बाळने ताईंचा दंड धरला. ताईंनी तो सोडवून घेतला नाही. पण ताईंच्या मनात आता एकच गोष्ट होती. पोरीने आपल्या शब्दावर चांगली नोकरी सोडली, आणि आता तिच्यासमोर उभं राहून सांगायचं की पैसे नव्हतेच. छापलेलं वाचून आत्या हुरळली. बाळच्या घरापर्यंतच्या वाटेत त्यांनी तीन वेगवेगळी वाक्यं तयार केली, आणि तिन्ही खोडली.

चिमी घरीच होती. ताईंनी पिशवी खांद्यावरून काढली नाही, दारातच उभ्या राहिल्या. "चिमे, मला माफ कर. ते पैसे कागदावरचेच होते. मिळण्यासारखे होते, पण मी नाही घेतले. तुझ्या डॉक्टरांकडे मी येते उद्या. हात जोडते त्यांच्यापुढे, राजीनामा परत द्या म्हणते. म्हातारीचं ऐकतील."

"आत्या," चिमी म्हणाली, "मी राजीनामा दिलाच नाही."

"दिलास की! तूच म्हणालीस."

"तू पहिल्या दिवशी आलीस ना, तू गेल्यावर बाबांनी सगळं समजावून सांगितलं. पैसे मिळायचे तर यंत्र जाणार. चौदा जणींचं यंत्र घालवून मला पुस्तकं चिकटवायला नव्हतं शिकायचं. मी दुसरं काहीतरी बघेन. संध्याकाळचे वर्ग असतात एके ठिकाणी."

ताईंनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी पदराशी चाळा करत होत्या. म्हणजे यांनाही ठाऊक होतं! कोट घालून बघितला, बाह्या लांब आहेत म्हणून आत्याला दोनदा परत पाठवलं, तांबड्या सूटकेसला वा वा म्हणाल्या, आणि सगळ्या घराला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ताईंना रागवायचं होतं. हक्काचा, चांगला सणसणीत राग होता. पण तो काही केल्या येईना.

"अगं मग मला सांगायचं नाही? मी मूर्खासारखी रोज संध्याकाळी येतेय, थंडीचे मोजे काय, कोट काय! किती दिवस चालवणार होतात हे नाटक?"

चिमीने पुढे होऊन त्यांच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली.

"तू येत होतीस तोवर," ती म्हणाली.